पडद्यावर सगळे आतच होते

मी एक जुना संगणक. पुढे 'आहे' म्हणायला मला थोडा संकोच वाटतो, कारण माझे निम्मे काम आता दुसऱ्याच्या अंगावर गेले आहे आणि माझ्याकडे उरला आहे तो फक्त पडदा. पण मित्रांनो, ज्या गोष्टीमुळे मी आज तुमच्याशी मान खाली घालून बोलतो आहे, ती या पडद्यावरच घडली. म्हणून आधी माझी ओळख नीट करून देतो.

माझा जन्म एका लांबलचक खोलीत झाला. तिथे कोणी फारसे बोलत नसे. हातमोजे घातलेले हात माझ्या पोटात एकेक भाग बसवत आणि मला पुढे सरकवत. शेवटच्या हातांनी माझे झाकण लावले, स्क्रू पिळले आणि मला पहिल्यांदा वीज दिली. माझा पंखा फिरला, दिवा लागला. ते हात लगेच दुसऱ्याकडे वळले. शाबासकी कोणी दिली नाही, तरी मला फार बरे वाटले. आपण चालू झालो, यातच केवढा आनंद असतो!

पहिली काही वर्षे मी प्रवासाची तिकिटे काढून देणाऱ्या एका कार्यालयात काढली. माणसे घाईत येत, घाईत जात. कार्यालय बंद पडले तेव्हा मला एका खोक्यात घालून एका बसक्या घरात आणले गेले. हे घर शांत गल्लीच्या टोकाला होते. पुढे छोटी बाग आणि बागेला लोखंडी फाटक. सकाळी मुलगे, मुली, सुना आपल्या म्हाताऱ्या माणसांना तिथे सोडत आणि संध्याकाळी घेऊन जात.

ही म्हातारी माणसे विसरभोळी होती. चष्मा कुठे ठेवला हे विसरणारी नव्हेत, ते तर तुम्हीही विसरता. आपण जेवलो की नाही, ही मुलगी की सून, आपले घर कोणत्या रस्त्यावर, हे विसरणारी. त्यांना दिवसभर सांभाळणारे हे केंद्र चालवणाऱ्या बाई पूर्वी रुग्णालयात परिचारिका होत्या. त्यांना सगळे मावशी म्हणत. त्यांच्याहून वीस वर्षांनी मोठ्या असलेल्या आजीबाईसुद्धा "अगं मावशी, माझी आई कधी येणार गं न्यायला?" असे त्यांना विचारत, आणि मावशी न चुकता सांगत, "येईलच. तोवर आपण चहा घेऊ."

मावशींना सर्वांत मोठी धास्ती होती ती फाटकाची. विसरभोळ्या माणसाला कधी काय आठवेल याचा नेम नसतो. कोणाला पन्नास वर्षांपूर्वीची नोकरी आठवते, कोणाला चुलीवर ठेवलेले दूध. आठवले की निघाले! म्हणून फाटकाजवळ एक खुर्ची होती आणि तिच्यावर आळीपाळीने कोणीतरी डोळ्यात तेल घालून बसून असे. केंद्रात माणसे आधीच कमी. एकजण खुर्चीवर बसला की आत भरवायला, न्हाऊ घालायला एक हात कमी पडे.

मावशींची एक सख्खी भाची होती. ती शाळेत गणित शिकवत असे आणि संगणकाचे प्रोग्राम लिहायला स्वतःच्या हौसेने शिकली होती. मी तिला ताई म्हणेन. मावशींची ओढाताण पाहून तिने एक युक्ती काढली. प्रत्येक आजी-आजोबांच्या मनगटावर एक मऊ पट्टा बांधला. पट्ट्यात छोटी चकती, वर केंद्राचा फोन नंबर. फाटकावर एक यंत्र बसवले. पट्टा फाटकाबाहेर गेला की ते यंत्र माझ्याकडे निरोप पाठवी. माझ्या पोटात ताईचा प्रोग्राम वाट पाहत बसलेला असे. तो निरोप घेई, घरच्यांच्या फोनवर संदेश पाठवी आणि माझ्या पडद्यावरचा त्या माणसाचा फोटो हिरव्याचा लाल करून भोंगा वाजवी.

अशा प्रोग्रामला सर्व्हर म्हणतात. तो हाकेची वाट पाहत सतत जागा असतो. कोणी हाक मारो न मारो, त्याने उठून जायचे नाही. माझ्याकडे तो एका काळ्या खिडकीत चालत असे. सकाळी मावशी मला सुरू करत, ताईने दाखवले होते तिथे दोनदा टिचकी मारत आणि काळी खिडकी उघडे. ती दिवसभर पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पडून राही. कोणी माझ्याजवळ आले की मावशी लांबूनच ओरडत, "त्या काळ्या खिडकीला हात लावायचा नाही हं! ती मिटली की सगळं मिटलं!"

ते माझे सुखाचे दिवस होते. भोंगा वाजला की मावशी धावत आणि एखाद्या आजीबाईंना फाटकातून हाताला धरून परत आणत. परत येताना त्या माझ्या डोक्यावर हात ठेवत. तिकिटांच्या कार्यालयात मला असे कधी कोणी गोंजारले नव्हते. हळूहळू फाटकाजवळची खुर्ची उचलून आत नेली गेली. तिच्यावर बसणारा माणूस आता आजोबांना भरवू लागला. आत हसणे-बोलणे वाढले. हे सगळे माझ्यामुळे, असे मला वाटे. मला गर्व झाला होता म्हणा ना.

आता पेंटरआजोबांविषयी सांगतो. ते दुकानांच्या पाट्या रंगवणारे. साऱ्या बाजारपेठेतली अक्षरे त्यांच्या हातची होती. बायकोचे नाव ते विसरले होते, मुलाला कधी मुलगा म्हणत तर कधी धाकटा भाऊ. पण हातात ब्रश दिला की बोटे सगळे ओळखत. मनगट टेकवायला ते डाव्या हातात एक काठी धरत, श्वास रोखत आणि एका दमात अशी वळणदार रेघ ओढत की बाजूच्या आजीबाई टाळ्या वाजवत. केंद्रातल्या प्रत्येक खुर्चीवर त्यांनी तिच्या मालकाचे नाव रंगवले होते. रोज सकाळी मावशी त्यांना एक फळी देत आणि म्हणत, "पेंटर, आज काय लिहायचं?" ते मोठ्या गिऱ्हाइकाचे काम घेतल्यासारखे गंभीरपणे विचारत, "अक्षर जाड की बारीक?"

त्यांचा मुलगा बस चालवत असे. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो त्यांना स्वतःच्या छोट्या गाडीतून सोडून जाई. माणूस अबोल. वडिलांचे बूट काढून चपला घालून देई आणि "येतो बाबा," एवढेच म्हणून निघे.

काळ पुढे गेला तसा मी थकलो. पंखा घरघरू लागला. उन्हाळ्यात मी तापून मध्येच बंद पडे. मी बंद पडलो की पडदा काळा होई, मावशी कपाळावर हात मारत आणि कोणालातरी फाटकाकडे पिटाळत. हे नीट लक्षात ठेवा मित्रांनो: प्रोग्राम माझ्यातच होता आणि पडदाही माझाच, म्हणून एक मेला की दुसराही मरे. मी बंद पडलो आहे हे आंधळ्यालाही कळे.

ताईने ठरवले की आता नवा संगणक हवा. तिने तळहातावर मावेल एवढा एक काळा डबा आणला. त्याला ना पडदा, ना पंखा. माझ्यात विंडोज ही प्रणाली होती, त्याच्यात लिनक्स. ताईला त्या दुसऱ्या प्रणालीची फारशी सवय नव्हती. तिने ठरवले असे: प्रोग्राम त्या डब्यात राहील आणि मी फक्त त्याला विचारून फोटो दाखवीन. मला निवृत्त केले नाही, हलके काम दिले. मला वाईट वाटले, पण सुटल्यासारखेही वाटले.

बदली करायचा दिवस उजाडला. ताईने शाळेतून सुट्टी घेतली होती. तिने प्रोग्राम जसाच्या तसा डब्यात उतरवला आणि सुरू केला. माझ्या पडद्यावर सगळ्यांची नावे आली, पण फोटोंच्या जागी रिकामे चौकोन. मागे उभ्या असलेल्या एक आजीबाई घाबरल्या.

"माझं तोंड कुठं गेलं गं?"

"आहे आजी, जागेवर आहे," ताई हसत म्हणाली. "यंत्राला सापडत नाहीये."

"मग शोध की! तोंडाशिवाय मी घरी कशी जाऊ?"

ताई शोधत बसली. फोटोंच्या फाईलींची नावे तिने कुठे मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहिली होती, कुठे लहान. माझ्याकडे मोठे काय आणि लहान काय, मी दोन्ही एकच धरत असे. लाड करणाऱ्या आत्यासारखा मी. तिची चूक इतकी वर्षे पोटात घालत आलो होतो. काळा डबा मात्र शिस्तीचा. त्याला अक्षर न् अक्षर तंतोतंत लागे. ताईने एकेक नाव सुधारले. मग संदेश जाईनात. फाईल कुठे ठेवली आहे ती वाट लिहिताना मध्ये घालायची तिरपी रेघ माझ्याकडे एका बाजूला झुकलेली, तर त्याच्याकडे दुसऱ्या. तेही सुधारले. माझ्यावर बिनबोभाट चाललेले किती तरी काही केवळ माझ्या सैलपणामुळे चालत होते, हे मला त्या दिवशी कळले.

दुपारच्या जेवणाआधी सगळे जमले. मावशींनी एक पट्टा हातात धरून फाटक ओलांडले. माझ्यावर लाल रंग झळकला, भोंगा वाजला. मावशी आत आल्या तसा तो पुन्हा हिरवा झाला. टाळ्या पडल्या. आजीबाईंनी आपला फोटो पाहून केस नीट केले.

ताई म्हणाली, "मावशी, अजून एक काम राहिलंय. डबा बंद होऊन चालू झाला तर प्रोग्राम आपोआप सुरू व्हायला हवा. ते उद्या येऊन करते. आत्ता मुलीची शाळा सुटेल."

"चालू आहे ना पण?"

"चालू आहे की. बघितलंत ना तुम्ही."

तिने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला आणि ती निघाली. जाताना पेंटरआजोबांनी तिला हाक मारली, "ए पोरी, अक्षर जाड की बारीक?" ती म्हणाली, "जाड, आजोबा!" आणि फाटकातून गेली.

आता काय झाले ते सांगतो. काळ्या डब्याला पडदा नसल्यामुळे ताईने प्रोग्राम लांबून, आपल्या लॅपटॉपवरून सुरू केला होता. काळी खिडकी लॅपटॉपवर उघडली होती आणि प्रोग्राम डब्यात चालत होता. माझ्यावर ती खिडकी मिटली की प्रोग्राम मिटत असे, हे ताईला ठाऊक होते. पण इथे प्रोग्राम दुसऱ्याच यंत्रात चालला आहे, म्हणजे त्याचा आपल्या लॅपटॉपशी काय संबंध, असे तिला वाटले. संबंध होता. लॅपटॉप मिटला, दोघांमधला धागा तुटला. डब्याने काही वेळ वाट पाहिली. पलीकडून काहीच येईना, तेव्हा ज्याने काम सांगितले तो निघून गेला असे समजून त्याने आपल्या रीतीप्रमाणे प्रोग्राम आवरून ठेवला. कसला आवाज नाही, दिवा नाही. डबा स्वतः छान चालू होता. त्याच्यातला जागा राहणारा तेवढा उठून गेला होता.

मी त्याला पुन्हा पुन्हा विचारत होतो: कोण आत, कोण बाहेर? उत्तर येत नव्हते. उत्तर आले नाही तर काय करायचे, हे मला कोणी शिकवले नव्हते. म्हणून मी शेवटचे आलेले उत्तर तसेच दाखवत राहिलो. सगळे फोटो हिरवे. सगळे आत.

जेवणे झाली. आजी-आजोबा खुर्च्यांत पेंगू लागले. मावशी एका आजोबांना आंघोळ घालायला आत गेल्या. पेंटरआजोबा उठले. त्यांनी ब्रश ठेवायच्या आपल्या मगमधला एक ब्रश काढून खिशात घातला, रंगाची छोटी डबी घेतली, शर्टाची बटणे नीट लावली आणि कामाला निघालेल्या माणसासारखे ताठ चालत माझ्यासमोरून गेले. मी त्यांना पाहिले असे म्हणता येत नाही, मला डोळे नाहीत. पण त्यांच्या पट्ट्याने फाटकाला सांगितले, फाटकाने डब्याला सांगितले, आणि डब्यात ऐकायला कोणी नव्हते.

मावशी हात पुसत बाहेर आल्या. जाता जाता त्यांनी माझ्याकडे पाहिले. हिरवे. त्या औषधे द्यायला गेल्या. परत येताना पुन्हा पाहिले. हिरवे. त्या निश्चिंत होऊन जरा टेकल्या. त्यांची ती टेकलेली पाठ अजूनही माझ्या मनातून जात नाही.

थोड्या वेळाने फोन वाजला. चष्म्याच्या एका दुकानातून कोणी बोलत होते. मावशींचा आवाज मी ऐकत होतो.

"हो, वृद्ध केंद्रच. काय? पडलेत? नाही हो, आमच्याकडचं कोणी नसेल." त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले. "आमचे सगळे आत आहेत. समोर दिसतायत मला. ... पट्टा? निळा पट्टा? नंबर आमचाच आहे का, परत वाचा बरं."

फोन कानाला तसाच धरून त्या बाहेरच्या खोलीत गेल्या. पेंटरआजोबांची खुर्ची रिकामी होती. खुर्चीवर त्यांचे नाव, त्यांच्याच हातचे.

घडले होते ते असे. चष्म्याच्या दुकानाची पाटी पेंटरआजोबांनीच पूर्वी कधीतरी रंगवली होती. तिच्यातल्या एका अक्षराचा रंग उडाला होता. ते चालत तिथे गेले आणि दुकानदाराला म्हणाले, "स्टूल द्या, पाटी दुरुस्त करायला आलोय." बटणे लावलेला शर्ट, हातात ब्रश; दुकानदाराला वाटले, जागेच्या मालकाने पाठवला असेल. त्याने स्टूल दिले. आजोबा चढले, श्वास रोखला, रेघ ओढली. रेघ अगदी बरोबर आली, असे दुकानदार नंतर सांगत होता. उतरताना पाय चुकला. ते उजव्या हातावर पडले. मनगट दोन जागी मोडले.

त्यांच्या मुलाला निरोप मिळाला तेव्हा तो भरलेली बस चालवत होता. बस शेवटच्या थांब्यापर्यंत नेल्यावरच त्याला वडिलांकडे जाता आले.

ताई संध्याकाळच्या आत धावत परत आली. पिशवी खाली न ठेवताच तिने लॅपटॉप उघडला. काळ्या खिडकीत धागा तुटल्याची एक ओळ होती, बाकी काही नाही. तिने ती ओळ वाचली आणि लॅपटॉप मावशींकडे वळवला.

"मावशी," ती म्हणाली, "माझ्यामुळे झालं हे. मी लॅपटॉप मिटला आणि तिकडे प्रोग्राम मेला."

मावशी रुग्णालयातून नुकत्याच आल्या होत्या. त्यांच्या बाहीवर रंग लागला होता.

"फाटकाजवळची खुर्ची मी उचलली," त्या म्हणाल्या. "तू नाही."

"पण तुम्ही पडद्याकडे बघितलंत ना?"

"बघितलं. दोनदा बघितलं. माणसाकडे एकदाही नाही बघितलं."

मी दोघींच्या मध्ये होतो, आणि माझ्या पडद्यावर पेंटरआजोबा अजून हिरवेच होते. ताईच्या ते लक्षात आले. तिने माझी तार ओढून काढली. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा बंद पडल्याचे मला समाधान वाटले.

पुढचे काही दिवस फाटकाजवळ पुन्हा खुर्ची होती. ताई शाळा सुटली की येई आणि टेबलाखाली बसून काळ्या डब्याशी झगडे. एके दिवशी पेंटरआजोबांचा मुलगा आला. वडिलांच्या चपला आणि ब्रशचा मग न्यायला आला होता. मावशी आत होत्या. टेबलाखालून ताई बाहेर आली. केसांना धूळ.

"हे ते मशीन का?" त्याने माझ्याकडे बोट दाखवून विचारले.

"हो. म्हणजे हे फक्त दाखवतं. मशीन तो डबा." मग तिने सगळे सांगितले. धागा, लॅपटॉप, राहिलेले काम, उद्या करते म्हणणे. काही लपवले नाही आणि काही सावरून घेतले नाही. तो उभ्यानेच ऐकत होता.

"तुमच्यावर ओरडायचं ठरवून आलो होतो मी," तो शेवटी म्हणाला.

"ओरडा ना."

"कसा ओरडू?" त्याने मगमधले ब्रश उगाच खालीवर केले. "रोज सकाळी गाडी त्या दुकानावरून जायची. बाबा रोज म्हणायचे, 'अरे, ती पाटी बिघडलीय, जरा थांब, दोन मिनिटांचं काम आहे.' आणि मी रोज म्हणायचो, उद्या. मला ड्यूटी गाठायची असायची. एकदा थांबलो असतो आणि स्टूल धरून उभा राहिलो असतो, तर..."

'उद्या' हा शब्द ताईलाही लागला असणार.

"माफ वगैरे करायला मला आत्ता जमणार नाही," तो म्हणाला. "पण प्लास्टर निघालं की बाबा इथेच येणार. घरी एकटे ठेवता येत नाही त्यांना. तेव्हा एक करा. हे चालू आहे, असं मला दाखवू नका. बंद पडलं तर ते ओरडलं पाहिजे. आमच्या बसचं ब्रेकचं प्रेशर कमी झालं की बस बोंबलते. नीट चाललंय तोवर गप्प बसते."

एवढे बोलून तो गेला. ताईने बराच वेळ हनुवटी मुठीवर टेकवून माझ्या पडद्याकडे पाहिले. मग तिने काम नव्याने मांडले.

प्रोग्रामची नाळ तिने कोणत्याही खिडकीला बांधलेली ठेवली नाही. तो थेट डब्याच्या स्वाधीन केला. डबा सुरू झाला की त्यानेच प्रोग्रामला उठवायचे, तो पडला की त्यानेच पुन्हा उभा करायचा, कोणाचा लॅपटॉप उघडा असो की मिटलेला. आणि मला तिने ते शिकवले जे मला कधी येत नव्हते. उत्तर आले नाही तर जुने उत्तर दाखवायचे नाही. सगळे फोटो राखाडी करायचे आणि मोठ्याने ओरडायचे: मला माहीत नाही! मला माहीत नाही!

मग तिने परीक्षा घेतली. आधी घेतली होती तशी, समोर बसून नव्हे. तिने लॅपटॉप मिटला, पिशवीत घातला, फाटकाबाहेर गेली, गल्लीला वळसा घालून आली आणि मग पट्टा फाटकातून नेला. भोंगा वाजला. तिने डब्याची वीज काढून पुन्हा लावली आणि कशाला हात न लावता वाट पाहिली. प्रोग्राम आपला आपण उठला. तिने प्रोग्राम मुद्दाम मारला, तो उठला. शेवटी तिने डब्याची तार उपटून हातात धरली. माझा पडदा राखाडी झाला आणि मी असा किंचाळलो की आतून आजीबाई कानात बोटे घालून बाहेर आल्या.

"कोण मेलं?" त्यांनी विचारले.

"कोणी नाही आजी," ताई म्हणाली, आणि तिला एकदम रडू फुटले. आजीबाईंनी तिला पोटाशी धरले. ही कोण हे त्यांना आठवत नव्हते, पण रडणाऱ्याला पोटाशी धरायचे असते हे आठवत होते.

पेंटरआजोबा परत आले. प्लास्टर निघाले होते, हाड जुळले होते, पण मनगट आखडले होते. मावशींनी नेहमीप्रमाणे फळी दिली. आजोबांनी विचारले, "अक्षर जाड की बारीक?" डाव्या हातात काठी धरली, श्वास रोखला आणि रेघ ओढली. रेघ थरथरली आणि भलतीकडे गेली. ते तिच्याकडे पाहत राहिले. मग ब्रश उलटसुलट करून म्हणाले, "ब्रश वाईट दिलाय."

ताईने दुसऱ्या दिवशी नवा ब्रश आणला. आजोबांनी रेघ ओढली. "ब्रश वाईट दिलाय." तिने आणखी एक आणला, चांगल्यातला चांगला. आजोबा म्हणाले, "काय हे हल्लीचे ब्रश!" आपण पडलो होतो, हात मोडला होता, हे त्यांना आठवत नाही. ताईने एकदा त्यांच्यासमोर बसून सगळे सांगितले आणि हात जोडले. आजोबांनी नीट ऐकले. त्यांचे डोळे भरून आले. "अरेरे, कोणाचं झालं गं असं?" त्यांनी विचारले. "बिचारा. हाताचा कारागीर होता का?"

मित्रांनो, ज्याने माफ करायचे, त्याच्याच ध्यानात काही उरले नव्हते. ताईची ती अपराधाची गाठ कोण सोडवणार? ती अजूनही दर आठवड्याला येते, आजोबांचा हात कोमट पाण्यात धरते, बोटे एकेक करून हलवते. थोडा फरक पडतो, थोडा पडत नाही. मुलगा आला की दोघे आजोबांविषयी बोलतात; त्या दिवसाविषयी बोलत नाहीत. एकदा तो जाताना म्हणाला, "परवा ओरडलं होतं का मशीन?" एका सकाळी डब्याची तार सैल होऊन मी खरोखरच किंचाळलो होतो. मावशी हातातले टाकून फाटकाकडे धावल्या, आत येऊन प्रत्येक खुर्चीशी थांबून तोंडे पाहिली. सगळे आत होते. ताईने होकार दिला तेव्हा त्याने नुसती मान डोलावली.

आणि मी? मी तार लावलेला, पुसलेला, टेबलावर आहे. हिरवा रंग दाखवताना मला आता पूर्वीसारखा आनंद होत नाही. मी त्या दिवशी खोटे बोललो नाही, मला खोटे बोलता येत नाही, अशी मी मनाची समजूत घालून पाहिली. ती पटत नाही. मला उत्तर येत नव्हते आणि मी उत्तर येत असल्यासारखा चेहरा करून उभा होतो. मावशींनी विश्वास टाकला तो त्या चेहऱ्यावर.

तुमच्यातले काहीजण मोठेपणी असे प्रोग्राम लिहाल, काहीजण त्यांच्या भरवशावर आपली म्हातारी माणसे कुठेतरी सोडाल. लिहाल तेव्हा, तुमच्या समोर नीट चालले म्हणून टाळ्या वाजवू नका. तुम्ही उठून गेल्यावर ते काय करते, दुसऱ्या यंत्रावर काय करते आणि बंद पडले तर कोणाला हाक मारते, हे पाहून मगच घरी जा. आणि माझ्यासारख्या पडद्यासमोर बसाल तेव्हा तो जरूर बघा. तो बघून झाला की मान वर करा आणि एकदा खोलीतही बघा.